खेळातला बेलभंडार

१४ नोव्हेंबर, सावेडी, नगर

केडगावच्या महिला गटाने आज माझ्या खेळाचा पार बोऱ्या वाजवला. दोघींनी निळ्या गोट्या पोरांसाठी कनवटीला लावल्या, एक जण बसल्या जागी घोरायला लागली आणि शेवटी अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "मॅडम, पैठणी कधी वाटणार?" हर्षल फिदीफिदी हसत होता. हर्षल म्हणजे आमच्या संस्थेचा चित्रकार, गाडी चालवणारा आणि कोणी न विचारता मत देणारा. घर येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

खेळात खोट नाही, हे मी इथे लिहून ठेवते. 'पाणवाटा' मी कितीतरी रात्री डोकं लढवून बसवला आहे. मोठ्या कापडावर गावाचा नकाशा, मधे पितळी परात, परातीत निळ्या गोट्या. गोट्या म्हणजे जमिनीखालचं पाणी. फासा टाकला की पाऊस ठरतो, तेवढ्या गोट्या परातीत पडतात, मग प्रत्येकाने आपल्या पिकाला हव्या तेवढ्या उचलायच्या. सगळ्यांनी मन मानेल तशा उचलल्या की तिसऱ्या उन्हाळ्यात परात कोरडी. मग कोणीतरी एकाने आपली विहीर बंद ठेवायची, म्हणजे बाकीचं गाव वाचतं. कोणी ठेवायची, हे गावाने बोलून ठरवायचं. आणि सगळ्यात भारी भाग म्हणजे सोंगं. कोणीही स्वतःच्या नावाने खेळायचं नाही. पिशवीत हात घालून पत्ता काढायचा. बागायतदाराला मजूर व्हावं लागेल, मजुराला बागायतदार. दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्याशिवाय कुठे टोचतं ते कळत नाही.

पण पुण्याच्या राजेश्वरी मॅडम, ज्यांच्या कंपनीच्या देणगीवर आमची चूल पेटते, त्या म्हणतात, "एंजेला, खेळ गोड आहे. पण खेळून उठलेला माणूस घरी जाऊन काय वेगळं करतो ते मला दाखव. मार्चपर्यंत." नाहीतर ती देणगी सौर दिवे वाटणाऱ्यांकडे जाणार. मार्चपर्यंत मी त्यांना एक तरी माणूस दाखवणारच.

२२ नोव्हेंबर

जामखेड तालुक्यातल्या हिवरदऱ्याला जाऊन आले. गाव असावं तर असं. सरपंच राधाकृष्ण, गाव त्यांना आण्णा म्हणतं, दारात उभे. चहा, शेंगदाण्याचे लाडू, पंखा माझ्याकडे वळवलेला. त्यांनी खेळाचे नियम पुन्हा पुन्हा समजावून घेतले. इतकं लक्ष देऊन माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं, आमच्या संस्थेतही नाही.

गावाला एक पाझर तलाव आहे. त्याच्या भिंतीखाली छबूबाई नावाच्या विधवा बाईची विहीर, गावात सगळ्यात चांगल्या पाण्याची. आण्णांची विहीर तिच्या बांधाला लागून. "झरा येकच हाय म्याडम," आण्णा हसत म्हणाले, "बाईची मोटार चालली की आमची हीर उताणी. चालायचंच."

छबूबाईला भेटले. नवरा गेला तेव्हा रोपं गुडघ्याएवढी होती, तिने डोक्यावरून पाणी वाहून ती जगवली. आता लिंबोणीची बाग फळाने वाकली आहे. मुलगा चाकणला कंपनीत, सून निकिता हिच्याजवळ. माझ्या तळहातावर एक लिंबू ठेवून म्हणाली, "वास घ्या ताई. नगरच्या बाजारात असलं घावायचं न्हाई." बाई बडबडी आहे. चेहरा फोटोत चांगला येईल.

निघताना आण्णांनी विचारलं, "म्याडम, खेळात दिल्याला शब्द, खेळ मोडल्यावर जातो कुठं?"

म्हटलं, तोच तर आमचा प्रश्न आहे.

"मग शब्दाला वजन पायजे. आमची मान्सं कागदावर सही करत्यात अन् सकाळी इसरत्यात. तुमी परातीशेजारी खंडोबाचा बेलभंडार ठिवा. ज्याची हीर बंद, त्यानं उचलायचा. बेलभंडार उचलून खोटं बोलनारा आमच्या गावात अजून जल्मला न्हाई."

मी अक्षरशः टाळी वाजवली. गावच्या मातीतली गोष्ट खेळात आली की खेळ गावाचा होतो, हे मी प्रत्येक बैठकीत ओरडून सांगत असते. हळदीचा भंडारा, बेलाचं पान आणि तांब्याचं ताट. खर्च काही नाही आणि फोटोत पिवळा रंग काय खुलेल!

२४ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधून आल्यावर मम्मीला बेलभंडाराचं सांगितलं. वाटलं, कौतुक करेल. मिशनच्या शाळेत जन्मभर मास्तरीण होती, तिला शिकवण्याच्या युक्त्या कळतात.

ती म्हणाली, "केडगावला आपल्यातल्या बायका होत्या ना? त्यांच्यापुढे बायबल का नाही ठेवलंस?"

"मम्मी, काहीतरीच काय! बायबल काय खेळायची वस्तू आहे?"

ती वांग्यांची देठं काढत राहिली. लहानपणी मी एकदा नुसतं "देवाशप्पथ" म्हणाले, तर हिने मला त्या रात्री उपाशी झोपवलं होतं. त्या काळची माणसं प्रत्येक गोष्ट फारच मनाला लावून घेतात. हे वेगळं आहे आणि ते वेगळं.

९ डिसेंबर

झालं! असा खेळ मी आयुष्यात पाहिला नाही. सगळं नीट लिहिते.

परवाच चंपाषष्ठी झाली, गावात भंडाऱ्याचा वास अजून होता. खंडोबाच्या देवळापुढे कापड पसरलं. निम्मं गाव गोळा. पत्त्यांची पिशवी आण्णांनी मागून घेतली आणि स्वतः सगळ्यांपुढे फिरवली. सरपंच असून पिशवी धरून वाकतो, हेच केवढं! नशीब बघा, छबूबाईला पत्ता आला मोठ्या बागायतदाराचा आणि आण्णांना एकट्या गरीब बाईचा.

मग काय विचारता. आण्णांनी उपरणं डोक्यावर पदरासारखं घेतलं आणि गळा काढला, "मला इधवेला पानी द्या वो कुनीतरी!" लोक हसून हसून लोळले. छबूबाई आधी लाजली. मग कोणीतरी तिच्या डोक्यावर फेटा ठेवला आणि बाई खुललीच. मिशीवर ताव दिल्यासारखं करून म्हणाली, "ए, चहा आना रं! मोठा मानूस बसलाय हितं." निकिता मागे बसून तोंडाला पदर लावून हसत होती. पोटुशी आहे, चौथा महिना.

तिसऱ्या उन्हाळ्यात परात कोरडी पडली. आता कोणी विहीर बंद ठेवायची, यावर बोलणं सुरू झालं. गरीब बाई झालेले आण्णा म्हणाले, "माझी तर येवढीशी हीर, ती बंद करून कुनाचं भागतंय?" सगळ्यांनी छबूबाईकडे पाहिलं. तिने फेटा नीट केला आणि म्हणाली, "बराबर हाय. मोठ्यानं सोडायचं, बारक्यानं कशापायी? मी मोठा. माझी हीर बंद."

माझ्या अंगावर काटा आला. हेच! मोठ्याने आधी सोडायचं, हे तर मला या खेळातून शिकवायचं होतं, आणि अंगठेबहाद्दर बाईने ते भर गावात बोलून दाखवलं.

देवळाचा पुजारी अजिनाथ ताट घेऊन पुढे आला. छबूबाईचा हात ताटावर गेला आणि थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"खेळातच ना, ताई?"

"खेळातच. उचला."

तिने बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उचलून कपाळाला लावला. म्हणाली, "खंडेरायाची आन, माझी हीर दोन उन्हाळे बंद." टाळ्या. आण्णांनी तर पदर टाकून उठून तिला वाकून नमस्कार केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

परतताना गाडीत हर्षल म्हणाला, "तिचा हात थरथरत होता." म्हटलं, भावना अनावर झाल्यावर थरथरतोच.

२० डिसेंबर

आण्णांचा फोन. छबूबाईने मोटार बंद केली! खरोखरची, तिच्या खऱ्या विहिरीवरची! आधी दोन दिवस चालवली होती म्हणे, मग गावातल्या चार जाणत्यांनी जाऊन शब्दाची आठवण करून दिली. अजिनाथनेही सांगितलं की उचललेला बेलभंडार मोडला तर तो घरातल्या सगळ्यात कोवळ्या जिवावर जातो. मग तिनेच फ्यूज काढून देवळात नेऊन ठेवले.

मी ताबडतोब राजेश्वरी मॅडमना कळवलं. अर्ध्या तासात उत्तर आलं, "हेच तर हवं होतं!" आम्ही फेब्रुवारीत येतो, असंही.

हर्षल म्हणतो, "पण मॅडम, ती बागायतदाराचं सोंग घेऊन बोलली होती. विहीर बागायतदाराची बंद व्हायला पाहिजे. म्हणजे गावातल्या खऱ्या बागायतदाराची, आण्णांची."

या मुलाला बारीकसारीक गोष्टीत अडकायची खोडच आहे. एका खेळाने एका माणसाचं वागणं बदललं, हे कोणी पाहायचं? नाताळसाठी मम्मीला नवी साडी घेतली. करंज्या या वर्षी जास्त करू म्हटलं.

५ जानेवारी

सकाळी दारात छबूबाई. हातात लिंबांची पिशवी. पहिल्या एसटीने जामखेडहून निघाली, मग स्टँडवरून विचारत विचारत सावेडीपर्यंत चालत आली. मला आधी आनंद झाला. मग तिने सुरुवात केली.

"ताई, तुमी येकदा देवळात या. भंडारा पदरात परत घ्या."

मला कळेना. तिने समजावलं. अजिनाथ म्हणतो, ज्याच्या सांगण्यावरून उचलला त्याने देवापुढे, गावासमोर तो आपल्या पदरात परत घेतला की उचलणारा मोकळा. खेळ माझा, उचला म्हणणारी मी, म्हणून घ्यायचाही मीच. एवढंच. घेऊन घरी आणायचा आणि तुळशीत टाकायचा.

"छबूबाई, तुम्ही सरळ मोटार चालू करा. तो खेळ होता. खेळातल्या शपथेने कोणाचं काही होत नाही."

"तुमी म्हनता तसं बटन दाबते मी. पर सुनंच्या पोटातल्याला काय झालं, तर गाव मला म्हनंल, तुझ्या लिंबापायी गेलं. लेक बी तेच म्हनंल. अन् ताई, मलाबी तसंच वाटंल." मग म्हणाली, "ह्या उन्हाळ्याचं पानी चुकलं तर झाडं जात्यात. म्हैस न्हाई ती, दुसरीकडं पान्यावर न्यायला."

मी तिला नीट सांगितलं की आमची संस्था अंधश्रद्धेच्या विरोधात काम करते. मी जर देवळात पदर पसरून भंडारा घेतला, तर शपथ खरी होती असं मीच मान्य केल्यासारखं होईल. शिवाय मी ख्रिस्ती. आमच्यात असलं चालत नाही. आणि तिसरं कारण मी तिला सांगितलं नाही, इथे लिहिते. फेब्रुवारीत पाहुणे येणार आणि त्यांना दाखवायला माझ्याजवळ ही एकच बाई आहे.

ती म्हणाली, "देताना चाललं की वो तुमच्यात."

मला राग आला. इतक्या लांबून येऊन असं तोडून बोलायचं! मी म्हटलं, पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू. मम्मीने तिला केक दिला, निकितासाठी करंज्या बांधून दिल्या आणि स्टँडपर्यंत रिक्षात बसवून आली.

आल्यावर मम्मी म्हणाली, "एंजू, एक पदर पुढे करायचा तर आहे. देव काही तेवढ्यासाठी तुला चर्चबाहेर काढणार नाही."

ज्या बाईने मला एका शब्दासाठी उपाशी ठेवलं, तिने हे म्हणावं! लिंबं मात्र खरंच सुरेख आहेत. लोणचं घालायला सांगितलं.

१९ जानेवारी

मन लागेना म्हणून हिवरदऱ्याला गेले. मी काही दगड नाही. आण्णांना म्हटलं, पंचांना सांगून बाईला मोकळं करा, ती तर सोंगात बोलली होती.

आण्णांनी पायावर पाय टाकला. "सोंग तुमचं हुतं, म्याडम. हात तिचा हुता. भंडारा सोंगाला लागत न्हाई, हाताला लागतो."

मग ते म्हणाले, "अन् तुमचा खेळ खोटा थोडाच हाय? चला, दावतो." विहिरीवर नेलं. पाणी खरंच दीड परस, म्हणजे माणसाच्या उंचीहून जास्त, वर आलेलं. "येकीनं सोडलं, गाव तरलं. तुमीच शिकवलं." विहिरीपलीकडे नांगरलेलं रान होतं, उसाचं बेणं पडलेलं. मी विचारलं, हे नवीन का? "पानी वाढलं, तर त्याचं चीज नको करायला?" ते म्हणाले.

ऊस म्हणजे खेळात सगळ्यात जास्त गोट्या खाणारं पीक. हे मला तिथेच म्हणायचं होतं, पण त्यांनी पाहुण्यांच्या जेवणाचा विषय काढला. दोनशे माणसांचं जेवण ते एकटे करणार आहेत. पाण्याची पातळी वाढल्याचे फोटो घेतले, ते अहवालात मोठ्या आकारात लावता येतील.

छबूबाईच्या बांधावरून आले. पानं थोडी मलूल वाटली. हाक मारली, ती खाली बघून खुरपत राहिली. ऐकू गेलं नसेल.

२७ फेब्रुवारी

आजचा दिवस हातून निसटता निसटता सावरला.

राजेश्वरी मॅडम आल्या, सोबत दोन साहेब आणि कॅमेरावाला. देवळापुढे मांडव. आण्णांचं भाषण झालं, माझं झालं, मग मी छबूबाईला पुढे बोलावलं. ती आली ती हातात ताट घेऊनच. ताटात भंडारा आणि वाळकं बेलाचं पान. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"ताई, पाव्हनं आलं की घेते म्हनला हुता. आले पाव्हनं. घ्या पदरात."

मी असं म्हटलं नव्हतं. पाहुणे गेल्यावर बघू म्हटलं होतं. पण भर मांडवात हा वाद कुठे घालणार? राजेश्वरी मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "किती सुंदर! ही काय प्रथा आहे?" कॅमेरावाला वाकून जवळ आला.

माझ्या खांद्यावर ओढणी होती. तिचं टोक पुढे केलं असतं तर दोन सेकंदांचं काम होतं. पण मग मॅडमनी विचारलं असतं, हे कशाचं? ती म्हणाली असती, शब्द परत घेतला. मग दाखवायला राहिलं काय? एवढं सगळं मी तेव्हा विचार करून ठरवलं असं नाही. हात आपोआप गेला. मी ताटातला भंडारा चिमटीत घेतला आणि छबूबाईच्याच कपाळाला लावला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी तिला मिठी मारली. दोघींचा तो फोटो फारच बोलका आला आहे, कपाळ पिवळं आणि डोळे भरलेले.

जेवताना अजिनाथ माझ्याशेजारून वाढत गेला. म्हणाला, "आता लई अवघड केलं, म्याडम. पदरात घेतला असता तर सुटली असती. तुमी तिच्याच कपाळाला लावला. तिनं दुसऱ्यांदा उचलला असाच त्याचा अर्थ."

म्हटलं, मला तुमचे नियम काय माहीत!

"म्हाईत हुतं की," तो म्हणाला, "तिनं सांगितलं हुतं ना." आणि माझ्या पानात आमटी वाढून पुढे गेला.

मला आज झोप लागणार नाही असं वाटतं. पण मॅडम जाताना म्हणाल्या, चाळीस गावं. एकदम चाळीस!

गुड फ्रायडे

चर्च भरलेलं, पंखे अपुरे. पाळकांचा उपदेश पिलातावर होता, येशूला क्रुसावर सोपवताना त्याने हात धुतले त्यावर. फारच लांबला. मम्मी सारखी माझ्याकडे बघत होती, मी घड्याळाकडे.

काल हर्षल हिवरदऱ्याला नकाशाचं कापड आणायला गेला होता. सांगतो की लिंबोणीची पानं गळून खाली सडा पडला आहे. छबूबाई गावातल्या हापशावरून घागरीने पाणी नेऊन बांधाकडची थोडी झाडं जगवत होती, तर ग्रामपंचायतीने सांगितलं की हापसा प्यायच्या पाण्याचा आहे, झाडांचा नाही. नियम आहे, त्याला काय करणार? खेळातही पिण्याच्या गोट्या वेगळ्या ठेवलेल्या आहेतच.

त्याने तिला म्हटलं म्हणे की आजी, मी घेतो पदरात. ती म्हणाली, "तू सांगितलं नव्हतं, बाळा."

हा पोरगा संस्थेत फार दिवस टिकेल असं वाटत नाही.

१८ मे

आनंदाची बातमी. निकिता बाळंत झाली, मुलगी. दोघी खुशाल. आण्णांनी फोन करून सांगितलं, "बगा, बाईनं शब्द पाळला, देवानं पदर भरला." म्हणजे शेवटी सगळं चांगलंच झालं. मी उगाच मनाला लावून घेत होते. बाळासाठी झबलं घेऊन ठेवलं आहे.

२ जून

झबलं तसंच राहिलं. छबूबाईचा मुलगा येऊन बायकोला आणि मुलीला चाकणला घेऊन गेला. आईला म्हणाला, तुझ्या गावात आता काय ठेवलंय? वळवाचा पाऊस आला, पण तोवर झाडांच्या साली सुटल्या होत्या. तिने बाग तोडली. लाकडं आण्णांकडच्या लग्नात जळणाला गेली. रानही आण्णांनी वाट्याने घेतलं, त्यांचा ऊस आता तलावाच्या भिंतीपर्यंत एकसंध होईल. ती त्यांच्याकडेच खुरपायला जाते.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. मम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता तरी जाऊन घे पदरात." म्हटलं, आता घेऊन काय उपयोग? मम्मी उठली, तिच्या लिंबांच्या लोणच्याची बरणी फडताळातून काढली आणि मागच्या अंगणात नेऊन ओतली. चांगलं मुरलं होतं. वय झालं की माणसं विचित्र वागतात.

हर्षलने राजीनामा दिला.

मला एक कल्पना सुचली आहे. चाळीस गावांत खेळ न्यायचा तर खेळून झालेलं कोणीतरी सोबत हवं. छबूबाईला घेऊ. मानधन देऊ. तिचा चेहरा आता सगळ्या पत्रकांवर आहेच, लोक ओळखतील. तिचंही भलं होईल आणि मलाही बरं वाटेल.

११ ऑगस्ट

कर्जत तालुक्यातलं आजचं गाव. छबूबाई हल्ली कमी बोलते, पण कामाला पक्की झाली आहे. परात घासते, गोट्या मोजते, ताट मांडते. बेलभंडाराची वेळ आली की गावातली माणसं बिचकतात, एकमेकांकडे बघतात. तेव्हा ही आपणहून पुढे होते आणि सगळ्यांदेखत आधी उचलून दाखवते. मग बाकीच्यांचा संकोच जातो. हे मी तिला सांगितलेलं नाही, तिचं तिलाच सुचलं.

सकाळी जाताना गाडीत मी तिला विचारलं, "छबूबाई, आता भीती नाही ना वाटत?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तवा लिंबोणी हुती, म्हनून हात कापला. आता कितीबी उचलंन. जायाला हाय काय माझ्याकडं?"

ऐकून बरं वाटलं. भीती एकदाची गेली तिची.

खेळ छान रंगला. इथल्या सरपंचांनीही हौसेने पिशवी फिरवली. विहीर बंद करायची पाळी आली सृष्टी नावाच्या एका तरुण बाईवर, मोठ्या बागायतदाराचं सोंग होतं तिचं. कडेवर पोर. मागाहून कळलं की ओढ्याकडेला तिची खरीच विहीर आहे आणि उन्हाळ्यातही आटत नाही. तिचा हात ताटावर जाऊन थांबला. मी पलीकडे फोटो घेत होते, म्हणून तिने ताट धरलेल्या छबूबाईला विचारलं, "मावशी, खेळातच ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात छबूबाईने ताट तिच्या आणखी जवळ नेलं.

"खेळातच," ती म्हणाली. "उचला."

अगदी माझ्याच आवाजात म्हणाली. सृष्टीने उचलला. आता पुढच्या गावांना मी सोबत नसले तरी चालेल.